आईचे हिब्रू नाव

लेस्टर,
21 जुलै 2025

ती. आजी, आई आणि बाबा यांस,
सप्रेम शालोम.

आई, शुक्रवारी मी घाईघाईने फोन करून तुझे हिब्रू नाव विचारले, तेव्हा तू शब्बाथचे, म्हणजे आपल्या शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावण्याच्या गडबडीत होतीस आणि मला कारण सांगता आले नाही. ते सांगायला आज बसले आहे.

आमच्या येथील प्रागतिक ज्यू मंडळीला कायमचे राब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाहीत. एरवी आमच्यातलेच दोघे-तिघे आळीपाळीने उपासना चालवतात. म्हणून लंडनहून एक राब्बी आठवडाभर राहायला येणार असे कळले तेव्हा सर्वांनाच उत्सुकता वाटली. मला मात्र थोडी धास्तीही वाटली, कारण आपल्या बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना चालवणारे हज्जनच सारे पाहत आले आणि राब्बींशी कसे बोलावे हे मी कधी शिकलेच नाही. आलेल्या राब्बी म्हणजे साधारण आईच्या वयाच्या बाई होत्या. प्रागतिक राब्बी घडवणाऱ्या लंडनच्या लिओ बेक कॉलेजात, जे 1956 साली सुरू झाले, त्यांचे शिक्षण झाले आहे. पहिले तीन दिवस त्या आजाऱ्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी फिरल्या. संध्याकाळी पाठ असे. इथल्या रिफॉर्म आणि लिबरल या दोन चळवळींनी मे महिन्यात एक होण्याचा ठराव केला, त्याविषयीच्या शंकाही त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

गुरुवारच्या पाठाला तोरा या धर्मग्रंथातला या आठवड्याचा परिच्छेद होता, पिनहास. सलाफहादाला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा प्रत्यक्ष परमेश्वर देतो. हा भाग शनिवारी तू वाच, असे राब्बींनी मला सांगितले. मी म्हटले, आमच्याकडे बायका वरच्या सज्जात बसतात, सेफर तोराजवळ, तोराच्या हस्तलिखित गुंडाळीजवळ, मी कधी गेलेली नाही. त्यावर त्यांनी आश्चर्याने विचारले, “तुम्ही डॉ. जेरुशा झिराड यांच्या मुंबईकडच्या ना?”

आजी, तुझा जन्म 1944 चा, कामा इस्पितळातला, आणि तेव्हा तिथल्या मुख्य झिराडबाई होत्या, हे तू आम्हांला किती वेळा सांगितले आहेस! पण वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला आलेल्या या बाईंना इथल्या लिबरल ज्यू चळवळीने, विशेषतः लिली माँटेग्यू यांच्या कार्याने, ओढ लावली आणि पुढे 1925 साली त्यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापन केली, हे मला एका इंग्रज राब्बीच्या तोंडून कळावे? भायखळ्याची रोदेफ शालोम मशीद (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) त्यातूनच उभी राहिली. आपण ठाण्याचे, म्हणून तिकडे कधी गेलो नाही. प्रागतिक ज्यूंची जागतिक संघटना लंडनमध्ये 1926 साली स्थापन झाली, म्हणजे मुंबईनंतर एक वर्षाने. इतकी वर्षे मी ज्याला परक्यांची रीत समजत होते, तिला मुंबईत या वर्षी शंभर वर्षे होत आहेत.

शनिवारी वाचनासाठी मला हिब्रू नावाने पुकारले: याएल, शिमशोन आणि शोशाना यांची कन्या. इथे वडिलांबरोबर आईचेही नाव घेतात, आणि आमिदा या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या आरंभी आब्राहाम, इसहाक, याकोब यांच्यासोबत सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचेही. सेफरमध्ये स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे दोन दिवस पाठ करूनही माझा हात थरथरत होता. राब्बींनी चांदीचा ‘याद’, टोकाला इवलासा हात असलेली ती काडी, माझ्या मुठीत दिला आणि ‘नोआ’ या शब्दाखाली मी अडखळले तेव्हा त्या काहीही न बोलता थांबून राहिल्या. बाबा, मी पाचही नावे स्पष्ट वाचली.

सारेच मला मानवले असे नाही. मुसाफ, ही शब्बाथची जादा प्रार्थना, इथे म्हणत नाहीत. मंदिरातील बलिदाने पुन्हा सुरू व्हावीत असे ज्यांना मनापासून वाटत नाही त्यांनी ते तोंडाने मागू नये, हे राब्बींचे म्हणणे मला पटले. तरीही उपासना संपली तेव्हा मी मनातल्या मनात मुसाफ म्हटलीच.

रात्री मी मलिदा केला. बेलग्रेव्ह रोडवर पोहे, गूळ, नारळ सारे मिळते. इथल्या उन्हाळ्यात शब्बाथ संपेपर्यंत सव्वादहा उलटून गेले, तोवर भिजवलेले पोहे थोडे गोळा झाले होते, ते बोटांनी मोकळे करून त्यांत खोबरे, गूळ आणि वेलची कालवली. आशीर्वाद म्हणून झाल्यावर ‘एलियाहू हन्नाबी’ हे एलियाहू संदेष्ट्याचे गीत सुरू केले, तर मंडळीची चाल वेगळी आणि माझी वेगळी. राब्बींनी हात वर करून सर्वांना थांबवले आणि मला एकटीला आपल्या चालीत म्हणायला सांगितले. मला दोनच कडवी आली.

राब्बी नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ज्यू नववर्षाला, पुन्हा येणार आहेत आणि उरलेली कडवी त्यांना शिकायची आहेत. तेव्हा बाबा, आजीला सकाळच्या वेळी, तिचा आवाज मोकळा असताना, सर्व कडवी सावकाश म्हणायला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. पंखा बंद ठेवा.

तुमची,
याएल