डाव्या हाताला बोटं देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात पेटीवाल्यांना तोटा नाही. गायन समाज देवल क्लबची जुनी परंपरा, भजनी मंडळं, नाट्यपदांची साथ यांतून उजवा हात लहानपणीच तयार होतो. डावा राहतो भात्यावर. असा माणूस पियानोकडे वळला की बहुतेक ठिकाणी "आधीचं सगळं विसरा" असं सांगतात. तुम्ही मात्र पेटीच्या हाताला नेमकं काय येतं आणि काय नडतं, ते वेगळं काढून दाखवलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून जाहीर आभार.

पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पियानोत तो पट्टी किती वेगाने खाली जाते यावर ठरतो. हातोडी तारेला लागून परतली की पट्टी कितीही दाबा, फरक शून्य. पेटीवाला सवयीने दाबत राहतो, मनगट आखडतं आणि द्रुत लयीत बोटं अडकतात. म्हणून "स्वर लागला की वजन सोडा" हा तुमचा पहिला धडा.

खरी मेख बोटांच्या क्रमात आहे. पांढरी एकचा (C) सा धरून दोन्ही हात एकदम चढवले, तर (अंगठा १, करंगळी ५ असं मोजून) उजव्याचा क्रम १-२-३-१-२-३-४-५ आणि डाव्याचा ५-४-३-२-१-३-२-१. उजव्याचा अंगठा मध्यमावर वळतो, डाव्याचा पंचमावर पोचतो आणि मधलं बोट त्याच्यावरून धैवतावर जातं. हात तिथेच गडबडतात. तुमचा उपाय असा: गंधार आणि धैवत या दोन स्वरांवर दोन्ही हातांचं मधलं बोट एकदमच येतं, तेवढे दोन खांब पक्के धरायचे. मग डाव्या हाताने फक्त म-प-ध, मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके), ठोक्याला एक स्वर. धैवत दणकन वाजला तर मनगट वळलं असं समजायचं. तो पंचमाइतकाच आला तरच लय वाढवायची. (घाई करणाऱ्याला तुम्ही न बोलता ६० वर परत आणता, तेही बरंच आहे.)

स्वर लांबवणाऱ्या पेडलचंही तसंच. स्वराबरोबरच पाय दाबला तर मागचा कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वर) पुढच्यात मिसळतो आणि चिखल होतो. नवा कॉर्ड वाजताना पाय वर, तो ऐकू आल्यावर खाली. आणि पेडल उलटं चालत असेल (दाबल्यावर स्वर तुटतो, सोडल्यावर लांबतो), तर बऱ्याच कीबोर्डांना एवढंच पुरतं: कीबोर्ड बंद करायचा, पेडलला हात न लावता पुन्हा चालू करायचा. चालू होताना पाय पेडलवर असला की गोंधळ होतो.

ऑनलाइन शिकवण्यातलं तर किती सांगावं! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं नाही, तर लांबलेला स्वर पंख्याचा आवाज समजून कापला जातो, हे कळेपर्यंत अनेकांनी आपल्या वाद्यालाच दोष दिला. एक कॅमेरा वरून बोटांवर, दुसरा बाजूने मनगटाच्या उंचीवर. आवाज पोचायला उशीर होतो म्हणून एकत्र वाजवणं बंद. तुम्ही वाजवायचं, आम्ही उत्तर द्यायचं.

संगीतकार म्हणून तुम्ही दिलेली समजही मोलाची. भूप रागात म आणि नी वर्ज्य. डाव्या हातात म-ध-सा किंवा प-नी-रे हे नेहमीचे कॉर्ड घातले की भूप गेला. त्याऐवजी सा-प, रे-ध अशा उघड्या जोड्या. पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर निघतच नाही. हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगता, म्हणून गाणाऱ्यांचाही तुमच्यावर विश्वास बसला.

आता एक मागणं. गाण्याची साथ इथे बहुतेक वेळा काळी एक (C♯) नाहीतर काळी चारमध्ये (G♯) करावी लागते. त्या दोन पट्ट्यांतले डाव्या हाताचे क्रम याच पद्धतीने सरगमीसकट सांगावेत. काळी एकचा ३-२-१-४-३-२-१-३ घोटायला सुरुवात केली आहे. चार नंबरचं बोट अजून मध्यमावर वेळेत पोचत नाही.

आपले नम्र,
कोल्हापुरातील पेटी आणि कीबोर्डवाले विद्यार्थी