काकांचं ते बोलणं

डिचोली, गोवा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी चवथीला घरी आलास, विसर्जनापर्यंत राहिलास आणि पुण्याला पोचल्यावर मनात उरलं ते एवढंच, भर पंगतीत काका बोलले ते. 'माझंच मन कोतं आहे का?' असं विचारलंस. अजिबात नाही. आणि काकांचं बोलणं लागण्यासारखंच होतं.

२००१ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी नाती, भावना, शिकणं, आठवणी अशा अनेक विषयांवरचं संशोधन एकत्र तपासलं. जवळपास सगळीकडे वाईटाचा जोर चांगल्यापेक्षा जास्त निघाला. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचंही तेच. हजार रुपये गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट. रानात पिकलेलं फळ ज्याला दिसलं नाही तो एक वेळ उपाशी राहिला. पायाशी फुरसं दिसलं नाही तो जिवाला मुकला. आपण फुरसं ओळखणाऱ्यांचे वंशज. धोक्याची चाहूल लागली की अंगात ॲड्रेनलिन उसळतं आणि तो प्रसंग डोक्यात पक्का बसतो.

पण मला वाटतं, आणखी एक कारण आहे. वाईट एका क्षणात घडतं, त्याला तारीख असते. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, हे आपल्याकडची जुनी माणसं आजही सांगतात. नंतर बांधलेल्या पुलावरून इतकी वर्षं लोक रोज सुखरूप घरी पोचतात, त्याची गोष्ट कोण सांगणार?

तुझ्या चवथीचंही तेच झालं. तू स्टुलावर चढून माटोळी, गणपतीवरची ती फळापानांची आरास, बांधत होतास. सुपारीचं शिपटं मध्ये, तोरिंजन कडेला, असं आई खालून सांगत होती. कवंडळाचा देठ तुटला, तर तुझ्या लेकीने केवणीची साल दोनदा फिरवून ते पुन्हा टांगलं. 'आबा असंच बांधायचे,' एवढंच आई म्हणाली आणि किती तरी वेळ त्या पोरीकडे बघत राहिली. तू वर होतास, तुला तिचा चेहरा दिसला नसेल. मला दिसला.

अजून एक, हे फारसं कुणी सांगत नाही. वॉकर, स्कोरोन्स्की आणि थॉम्पसन यांनी २००३ साली मांडलं की प्रसंग आठवत राहिला तरी वाईटाची बोच चांगल्याच्या आनंदापेक्षा लवकर ओसरते. खिन्न माणसाच्या बाबतीत हे कमी होतं. आणि मन मोकळं करून कुणाला सांगितलं, की ती बोच आणखी बोथट होते.

म्हणून ते पोटात ठेवून बसू नकोस. रविवारी फोन कर. काका काय बोलले ते पहिल्यापासून सांग, मी मध्ये तोंड घालणार नाही. मग लेकीलाही फोन दे. आजीचा चेहरा कसा झाला होता, ते मला तिला सांगायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय