नेपाळचा अहवाल हातात तरी घ्या

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस

स. न.

भारत-नेपाळ संबंध नव्याने तपासायला 2016 मध्ये दोन्ही सरकारांनी आठ जाणत्यांचा गट नेमला. चार आपले, चार त्यांचे. आपल्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी. पुढे ते आमचे राज्यपाल झाले आणि कशाकशाने गाजले ते इथे उगाळत नाही. पण ते काम त्यांनी आणि नेपाळच्या भेखबहादुर थापांनी तडीस नेले, संयुक्त अहवाल तयार केला. ही 2018 ची गोष्ट. अहवाल दोन्ही पंतप्रधानांच्या हाती द्यायचा होता. ती वेळ काही आली नाही.

त्यात मुख्य प्रश्न होता 1950 च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराचा. त्यावर नेपाळतर्फे सही तिथे पिढीजात सत्ता चालवणाऱ्या राणा घराण्यातील पंतप्रधानांची आणि आपल्यातर्फे राजदूताची. वर्ष उलटायच्या आत राणांची सत्ता गेली. 2008 मध्ये राजाही गेला, प्रजासत्ताक आले, करार तिथेच. त्याचा नेपाळ्यांना फायदा नाही असे कोण म्हणेल? आमच्या सोसायट्यांच्या फाटकांवर उभी असलेली मुले व्हिसाशिवाय येतात ती त्याच व्यवस्थेमुळे. तरी बरोबरीच्या नात्याने बसून तो नव्याने लिहावा, एवढे म्हणण्याचा हक्क त्यांना आहे.

2015 तुम्हाला मी काय सांगावे? नेपाळचे नवे संविधान जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी पंतप्रधानांचे दूत म्हणून तुम्हीच काठमांडूत होता. त्यानंतर नेपाळला माल जायचा सीमेवरचा रक्सौल-वीरगंजचा नाका ठप्प झाला. आपण म्हणालो, आम्ही काही अडवलेले नाही, नेपाळच्या तराईतील मधेशींचे त्या संविधानाविरुद्ध आंदोलन आहे. मधेशींच्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण एप्रिलच्या भूकंपात घर गेलेले, अर्धा भरलेला गॅस सिलिंडर मिळाला तरी नशीब म्हणणारे कुटुंब आपला खुलासा कशाला ऐकेल? त्याला एवढेच दिसत होते की ट्रक भारताच्या बाजूला उभे आहेत. मार्च 2016 मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चिनी बंदरांतून माल आणण्याचा करार करून आले. त्या वाटेने किती माल आला हा भाग वेगळा. चीनचे दूरचे तियानजिन बंदर कुठे, जवळचे कोलकाता कुठे! पण ती वाट शोधायची गरज त्यांना वाटली, ती आपल्यामुळे.

आता वीज. जानेवारी 2024 मध्ये तुमच्याच उपस्थितीत दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घेण्याचा करार झाला. उत्तम झाले. पण ज्या प्रकल्पात चिनी पैसा, त्याची वीज आपण घेत नाही. सुरक्षेचे कारण मला पटते. मात्र ज्या देशाचा सुमारे दोन-तृतीयांश व्यापार आपल्याशीच आहे आणि ज्याला शेजारी ग्राहकही आपणच, तिथे असा नियम एकतर्फी लागला की तो धाक वाटतो. हीच अट दोघांनी मिळून ठरवली असती तर?

लिपुलेख खिंडीचा आणि सीमेच्या नकाशाचा वाद या पत्रात घालत नाही, तो एका बैठकीत सुटणारा नव्हे.

अहवाल स्वीकारला म्हणजे त्यातली प्रत्येक शिफारस मान्य केली असे होत नाही. त्यावर 'अमान्य' असा शेरा मारायचाही आपल्याला अधिकार आहे. पण तो शेरा मारण्यासाठी आधी अहवाल घ्यावा लागतो. नेपाळच्या पंतप्रधानांच्या पुढच्या दिल्लीभेटीच्या कार्यक्रमात त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा, आणि तो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवा. आपल्या पैशाने तयार झालेला आहे. आम्हालाही वाचू द्या.

आपला,
मुंबईतील एक नागरिक