चाल ढापली म्हणण्याआधी स्वर छापा

संपादक महोदय,

नवे गाणे गाजले की आठवड्याभरात 'चाल ढापली'ची चित्रफीत फिरू लागते. दोन गाणी एकापाठोपाठ लावायची, एकाची पट्टी दुसऱ्याला जुळवायची, लय थोडी ओढायची आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. पट्टी आणि लय अशी बदलली तर निम्मी गाणी एकमेकांची भावंडे वाटतील, हे पेटीवर बोटे फिरवणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. बातम्याही पुष्कळदा याच चित्रफितींवर बेतलेल्या असतात, म्हणून हे पत्र.

या बाबतीत 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसनचा खटला मला सर्वांत बोलका वाटतो. त्याचे १९७० चे 'माय स्वीट लॉर्ड' हे शिफॉन्स या गटाच्या १९६३ मधल्या 'हीज सो फाइन'वरून उचलले, असा आरोप होता. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे, त्यामुळे सुरांची फोड त्यांनी नीट केली. आपल्या सरगमेत सांगायचे तर पहिला तुकडा प ग रे, दुसरा प ध सां ध सां. मी दोन्ही पेटीवर वाजवून पाहिले. सुटे वाजवले तर त्यात काहीच नाही, असले तुकडे शेकडो गाण्यांत सापडतील. पण पहिला चारदा आणि लगेच दुसरा तीन-चारदा घेतला की गाणे डोके वर काढते. निकालातही तेच म्हटले होते : तुकडे नेहमीचे, त्यांची जुळणी मात्र खास. हॅरिसनने मुद्दाम चोरी केली असे न्यायाधीशांना वाटले नाही. कधीतरी ऐकलेले मनात मुरले आणि नकळत बाहेर आले, इतकेच. तरीही १९७६ मध्ये तो हरला. कलावंतावर हे जरा कठोरच, पण निदान तिथे स्वर मोजले गेले.

रॉबिन थिक आणि फॅरेल विल्यम्स यांच्या 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्यावरच्या खटल्यात काय मोजले, हे मला आजही कळलेले नाही. अमेरिकी गायक मार्विन गेच्या गाण्याशी त्याचे साम्य मुख्यतः ठेक्यात आणि एकूण माहोलात होते. २०१५ मध्ये ज्यूरीने गेच्या वारसांना सुमारे ७४ लाख डॉलर दिले. रक्कम पुढे कमी झाली, पण २०१८ च्या अपिलातही निकाल टिकला. अपिलातल्या एका न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवले, की ही तर शैलीवरच मालकी झाली. माझे मत त्यांच्या बाजूने. ठेका कुणाच्या नावावर करायचा म्हटले तर नाचायचे कशावर?

पॉप गायिका केटी पेरीच्या 'डार्क हॉर्स'मध्ये फ्लेम या रॅपरशी भांडण होते आठ स्वरांच्या एका आवर्तनावरून. कोमल ग चारदा, मग रे, मग खाली सा. नवशिका विद्यार्थी पहिल्या महिन्यात हेच घोटतो! २०१९ मध्ये ज्यूरीने ती फ्लेमच्या गाण्याची नक्कल ठरवली, २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि २०२२ मध्ये अपिलातही पेरीच जिंकली. ब्रिटिश गायक एड शीरनने तर 'थिंकिंग आउट लाउड' या गाण्यावरच्या खटल्यात २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गिटार वाजवूनच दाखवली, की त्यातले चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सगळ्यांचेच आहेत. ज्यूरीला ते पटले.

खरी चोरी होतच नाही, असे मी म्हणत नाही. मुखडाच्या मुखडा उचलून वर नवे शब्द बसवणारे आहेत आणि मूळ संगीतकाराला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. माझी विनंती एवढीच : अशी बातमी देताना दोन्ही ओळींचे स्वर एकाखाली एक छापा. अर्ध्या रकान्यात बसतात. ज्याच्या घरी पेटी आहे तो वाजवून बघेल.

आपला,
एक पेटीवादक वाचक