पाट्याला टाकी लावणाऱ्या मावशींना

मावशी,

नमस्कार. आषाढात, एका मंगळवारी, सिंहगड रस्त्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून तुम्ही एका काळ्या पाट्याला टाकी लावून दिलीत. तुम्ही दोनशे सांगितलेत आणि मी दीडशेवर अडून बसले होते. त्याची लाज आधी कबूल करते, मग पुढचं लिहिते.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. फोन नंबरही घेतला नाही. "मला कुठं वाचाया येतंय" असं तुम्हीच हसत म्हणाला होतात. म्हणून हे पत्र उघड्यावर टाकते आहे. कुणाच्या गल्लीत खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत हातोडी आणि चार टाक्या (दगडाला टोचे पाडायच्या छिन्न्या) घेऊन "पाट्याला टाकीये" अशी आरोळी देत या मावशी आल्या, तर त्यांना हे वाचून दाखवा.

हा पाटा माझ्या आजीचा. आमचं कुडाळजवळचं घर जांभ्या चिऱ्यांचं, पण जांभ्याचा पाटा होत नाही, त्याला काळाच दगड लागतो. परसात विहिरीच्या कडेला तिचा पानओवा, गवती चहा, हळद आणि कुंपणाशी काटेरी खोडाचं तिरफळाचं झाड. माझ्या बारशाला याच वरवंट्याला कुंची घालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं होतं म्हणे. मुलगी असून गोविंदच. वाटण झालं की आजी पाट्यावर मूठभर गरम भात फिरवायची आणि तो लालसर भात आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. बांगड्याचं तिखलं ताटात पडायच्या आधीच आमचं अर्धं जेवण झालेलं असायचं. पाटा धुतलेलं पाणीसुद्धा कालवणात जायचं, मोरीत नाही.

आजी गेली, घर विकलं. पितळ वाटून घेताना सगळे हजर होते, पाट्याच्या वेळी कुणी पुढे आलं नाही. मी तो पुण्याला आणला तेव्हा "तुळशीखाली ठेव, छान दिसेल" हा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. पाटा इतका गुळगुळीत झाला होता की मिरची वाटली न जाता नुसती घसरायची. वरवंट्याखाली जिन्नस धरून ठेवायला दगडाला टोचे लागतात, ते उरलेच नव्हते.

मग माझे उद्योग सुरू झाले. फरशीच्या कारखान्यात नेला, तर तिथल्या गृहस्थांनी "मशीन मारून एकदम नवा करतो" म्हणत, मी हो म्हणायच्या आत, एका कडेला कटरने चार सरळ रेघा ओढल्या. मी ओरडले तेव्हा थांबले. "मॅडम, दगडच आहे" म्हणाले. दुसऱ्या एकाने तो चक्क पॉलिश करून देऊ केला! शेवटी मी हार खाऊन, 'वारसा' असं सुंदर अक्षरात छापलेल्या खोक्यातून एक नवा, वहीएवढा पाटा मागवला. महिनाभर चटणीत कचकच. तक्रार केल्यावर उत्तर आलं की हे उत्पादन सजावटीसाठीही वापरता येतं.

आणि मग तुम्ही आलात. वॉचमनने तुम्हाला लिफ्टपाशी जाऊ दिलं नाही, म्हणून मी आणि मुलाने पाटा खाली आणला. (त्या वॉचमनला नंतर बोलले मी. पण त्याला तसं सांगून ठेवणारे आमच्यातलेच.)

तुम्ही टाकी काढलीच नाहीत आधी. पाण्याचा हात फिरवलात, मग कोरडा तळवा पाट्यावर वरून खाली, पुन्हा वरून खाली. वरवंटा उचलून दोन्ही टोकं बोटांनी चाचपलीत. आणि मला विचारलंत, "ताई, हितं वाटणाऱ्या बाईचा उजवा हात अधू हुता का वो?"

मावशी, आजीचं उजवं मनगट तरुणपणी विहिरीवर पडून मोडलं होतं. गावातच कुणीतरी जसंतसं बसवलं. जन्मभर तिने डाव्या हातावर भार देऊन वाटलं. हे मला माहीत होतं, पण पाटा डावीकडे जास्त खोल गेलाय आणि वरवंट्याचं एक टोक बारीक झालंय, हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. तुम्ही तो खळगा दाखवलात आणि विचारलंत, "सपाट करू, का ऱ्हाऊ दे?"

एवढंच. कटरवाल्याने विचारलं नाही, पॉलिशवाल्याने विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. मी काही बोलू शकले नाही, तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणालात, "ऱ्हाऊ द्या", आणि खळग्यात अगदी हलक्या हाताने टोचे पाडलेत, बाकी पाट्यावर नेहमीसारखे. त्या आवाजाला तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटून बंद केली. तुम्ही मान वर केली नाहीत.

जात्याला ओव्या मिळाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखावर गोळा केल्या. पाट्याच्या वाट्याला तसं काही आलेलं मी तरी ऐकलं नाही. वाकून, दम लावून वाटताना गाणार कोण? पण बाईच्या हाताची नोंद पाटा ठेवतो, आणि ती वाचणारी माणसं अजून गल्लीबोळातून हिंडताहेत, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन वेळा तांदूळ आणि जाडं मीठ वाटून टाकलं. चौथ्या वेळी पांढरं पीठ आलं, कच नाही. मग आजीच्या क्रमाने चटणी केली: आधी मीठ आणि हिरवी मिरची, मिठाच्या खड्यांनी मिरची फाटते, मग लसूण, मग बाल्कनीतल्या कुंडीतली पानओव्याची चार पानं, ओलं खोबरं शेवटी, पाण्याचा थेंब नाही. माझे दोन्ही हात धड आहेत, तरी वरवंटा आपोआप डावीकडे कलत होता. भात फिरवला. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, उभ्याउभ्याच हात पुढे करून खाल्ला त्याने.

हळदीची पानं आता वीतभर झालीत. नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. या पानांत पातोळ्या उकडतात. तांदूळ यंदा याच पाट्यावर वाटणार आहे, आदल्या दिवशी. तेव्हा या बाजूला आलात तर या. गेटवर सांगून ठेवलंय, लिफ्टनेच वर या. आणि येताना टाकी आणा, वरवंट्याला लावायची राहिली आहे. दोनशेच देईन.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची ताई