सहावी ब सांभाळायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात भाषणांच्या गर्दीत मला धड बोलताच आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय. माझ्या सहावी ब चा पट ७२. एकेका बाकावर तिघं-तिघं, दोन रांगांमधून नीट चालताही येत नसे. बी.एड.च्या सराव पाठांत असा वर्ग कधी वाट्याला आला नव्हता. रोज दुपारपर्यंत घसा बसायचा.

तुम्ही ऑफ तासाला आपणहून येऊन शेवटच्या बाकावर बसलात. नंतर एवढंच म्हणालात, "फळ्याच्या खालच्या ओळी तिथून दिसतच नाहीत गं." मागची मुलं सारखी उठतात, शेजारच्याच्या वहीत डोकावतात ती का, ते तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच लिहिते, आणि निम्मी गडबड तिथेच थांबली.

वह्या गोळा करताना तपासायच्या पानावर उघडूनच एकात एक ठेवायच्या, रोज एकाच रांगेच्या घ्यायच्या, हेही तुमचंच. पण सगळ्यात मोलाचा तो बैठकीचा नकाशा. डायरीच्या मागच्या पानावर मुलांच्या जागा आखायच्या आणि ज्याच्याशी आज बोललो त्याच्या नावापुढे टिंब द्यायचं. शनिवारी पाहिलं तर दंगेखोरांपुढे टिंबंच टिंबं, आणि खिडकीजवळच्या एका मुलीपुढे एकही नाही. अक्षर सुरेख, वही पूर्ण, कधी तक्रार नाही. जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं, तिला हातच्याची वजाबाकीच येत नव्हती. फळ्यावरचं सगळं ती निगुतीने उतरवून घेत होती. मग मधल्या सुट्टीत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून आम्ही दोघी बसलो. दिवाळीपर्यंत तिला जमायला लागलं.

एवढा पट असूच नये, हे तुम्ही दर बैठकीत ठणकावून सांगत आलात आणि ते खरंच आहे. पण तुकडी वाढून मिळेपर्यंत समोरच्या मुलांचं वर्ष थांबत नाही, हेही तुम्हीच जाणलंत. टेबलावर स्वतःच्या दहावीच्या वह्यांचा ढीग असताना तुम्ही माझ्या वर्गात येऊन बसलात. त्याबद्दल मनापासून आभार, बाई.

आपली,
सहावी ब ची वर्गशिक्षिका