आयजीआयच्या गावाहून

ओस्लो, 12 जानेवारी

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संगणकावरच्या ज्या खेळापायी आपण रात्री जागवल्या, तो ‘प्रोजेक्ट आयजीआय’ याच ओस्लोत तयार झाला, हे मला इथे नोकरीला आल्यावर कळले. इनरलूप स्टुडिओज या कंपनीने तो 2000 साली आणला आणि 2003 मध्ये कंपनीच बंद पडली. आपल्या दारव्ह्याच्या सायबर कॅफेत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे त्या खेळाचा नायक डेव्हिड जोन्स तारेच्या कुंपणाशी दबा धरून बसलेला असायचा. माझ्या कचेरीत कुणाला त्याचे नावही ठाऊक नाही, याचे खरोखर वाईट वाटले.

या मंडळींनी आधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा विमानांचा खेळ केला होता आणि त्याचेच इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ प्रणाली, इथे वापरले, म्हणून आयजीआयमध्ये एवढे मोकळे रान होते. टेकडीवर थांबून, दुर्बिणीतून तळ न्याहाळून, कोणता पहारेकरी केव्हा पाठ फिरवतो हे हेरून मगच खाली उतरावे लागे. हेरण्याचे काम माझे, माउस तुझ्याकडे. पण तू ऐकायचास कधी? सायलेन्सरची, आवाज न करणारी एमपी-5 बंदूक हाती असताना तुला एके-47 चालवायची हुक्की यायची, अलार्म वाजायचा आणि वारूळ फुटावे तशी बराकीतून माणसे निघायची.

त्यातून मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. 14 मोहिमांपैकी कोणत्याही मोहिमेत मेले, की ती पहिल्यापासून. ओस्लोच्या या कारागिरांच्या गावी भारनियमन नसावे. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून संगणक घेतला, इन्व्हर्टर मात्र घेतला नाही; कॅमेरे बंद करून शेवटच्या दारापाशी पोचावे आणि नेमकी तेव्हाच लाइन जावी. मग अंधारातून आईचा आवाज यायचा, “मेला का रे तुमचा जोन्स?”

मला वाटते, या जाचामुळेच तो खेळ अंगात इतका मुरला. आताच्या खेळांत पावलोपावली आपोआप सेव्ह होते. अलीकडेच असा एक संपवला, पण त्यातली एक खोली आठवेल तर शपथ! आयजीआयच्या पहिल्या मोहिमेतले रेल्वे यार्ड मात्र मी झोपेतही पार करीन.

माळ्यावरचा संगणक भंगारवाल्याला देऊ नकोस. उन्हाळ्यात आलो की त्याची हार्ड डिस्क काढून पाहू. शेवटची मोहीम आपली राहिलीच आहे, आणि या खेपेला माउस माझ्याकडे असेल.

आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वहिनींस नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ